उजव्या डोळ्यातला बाक

सगळी गल्ली त्या सुताराला ओळंबा म्हणायची. भिंत सरळ आहे की नाही हे दोरीला टांगलेला ओळंबा सांगतो, तसंच याचं. फळी खांद्याशी उचलायची, डावा डोळा मिटायचा, उजवा फळीच्या कडेला लावायचा आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नव्हतं. लोखंडी मोजपट्टी खिशात असायची, पण तिचा उपयोग मुख्यतः पाठ खाजवायला व्हायचा.

तर या ओळंब्याच्या उजव्याच डोळ्याला साखरेने गाठलं. पडद्याला सूज आली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिथे लेसर मारला आणि महिन्याभराने दाखवायला यायचं बजावून घरी पाठवलं. डोळा निवला, नजर परत आली, पण एकटी आली नाही. पेपर वाचताना ओळीतल्या एखाद्या अक्षरावर करडा ठिपका ठाण मांडून बसायचा. संध्याकाळी रंग फिके पडायचे. ओळंब्याने मनाशी ठरवून टाकलं की लेसर वाया गेला, डोळा हळूहळू चालला. आणि डॉक्टरीणबाईंनी तेच तोंडावर सांगू नये म्हणून तो तपासणीला गेलाच नाही. दुखणं अंगावर काढण्यात पुरुषमाणसाचा हात कुणी धरू शकणार नाही.

बायको विचारायची, "अहो, डोळा कसा आहे?"

"झकास," तो म्हणायचा आणि रंधा उचलायचा.

त्याच सुमारास थोरल्या मुलीने नवीन घरासाठी कपाट मागितलं. दोन दारांचं, मधोमध मिटणारं. ओळंब्याने हौसेने फळ्या निवडल्या, कडा तासल्या, फळी डोळ्याला लावली. कडेला मधोमध फुगवटा. त्याने तो तासला. पुन्हा पाहिलं, अजून थोडा आहेच. पुन्हा तासला. वखारवाल्याला त्याने फोनवर यथेच्छ झापलं की तू ओलं लाकूड गळ्यात मारतोस, घरी नेल्यावर फुगतं. वखारवाला बिचारा गप्प ऐकून घेत होता, कारण ओळंब्याच्या नजरेशी वाद घालायची पद्धतच नव्हती. डोळा अधू होईल हे ओळंब्याने मान्य केलं होतं. तो खोटं बोलेल असं मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याने ती कड एकदा जरी नीट पाहिली असती, तरी पुढचं टळलं असतं. दोन्ही उघडे असले की डावा डोळा उजव्याची चूक पोटात घालायचा. पण सरळ रेघ दोन डोळ्यांनी बघणारा सुतार कुणी पाहिलाय?

दारं थोरलीच्या घरी गेली, बिजागऱ्यांवर चढली. ओळंब्याने ऐटीत दोन्ही दारं मिटली. वर मिळाली, खाली मिळाली आणि मधे बोट जाईल एवढी फट राहिली.

थोरलीने जपून विचारलं, "बाबा, हे असंच असतं का?"

बायकोने फटीत बोट घालून पाहिलं. "हवा खेळायला ठेवली असेल," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

ओळंब्याने सवयीने डावा डोळा मिटला. फट गायब. दोन्ही दारं सुतासारखी सरळ, एकमेकांना चिकटलेली. डावा उघडला, फट हजर. मिटला, गायब. असं त्याने चार-पाचदा केलं आणि मग खाली जमिनीवरच बसला. लाकूड सरळ होतं. वखारवाला सरळ होता. आपणच चांगल्या फळ्या वाकड्या करत बसलो होतो.

"माझा डोळा चाललाय गं," तो बायकोला म्हणाला. "मला माहीत होतं. सांगितलं नाही."

बायकोला इतका राग आला की तिने एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बारीक चौकटींचा एक कागद पुढे केला. डावा डोळा झाकून त्याने तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा वाकडा छापलाय."

"रेघा सरळ आहेत, काका."

ओळंब्याने खिशातून मोजपट्टी काढून कागदावर ठेवली. लोखंडाची पट्टीसुद्धा मधोमध वाकली. त्याने ती उलटी करून ठेवली, तरी वाकलेलीच.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, फोटो काढले, जुन्या फोटोंशेजारी नवे लावून पाहिले. तेवढ्या वेळात बायकोने पिशवीच्या बंदाला गाठी मारून सोडवल्या, पुन्हा मारल्या.

"सूज उतरली आहे," बाई म्हणाल्या. "लेसरने त्याचं काम केलं. जिथे मारला तिथे व्रण राहतात, ते तुमचे ठिपके. पडद्याला थोडी सुरकुती राहिली आहे, तो तुमचा बाक. तो कमी होईलही, कदाचित राहीलही. पण वाकडं दिसणं म्हणजे डोळा जाणं नव्हे."

"म्हणजे डोळा जात नाहीये?"

"आज तरी तसं काही दिसत नाही. साखर सांभाळा, तपासणी चुकवू नका. आणि बाक वाढला तर लगेच या, लपवून ठेवू नका."

"लपवू दे तर खरं," बायको म्हणाली. तिला कालपासून साचलेलं बोलायचं होतं, ते तिने घरापर्यंतच्या रस्त्यात सगळं बोलून घेतलं. ओळंबा खाली मान घालून ऐकत होता आणि त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्या बोलण्याचाही त्याला आनंद होत होता. वाटेत त्याने वखारवाल्याला फोन करून माफी मागितली. वखारवाला घाबरला, म्हणाला, बरे आहात ना?

दुकानात आल्याबरोबर त्याने नव्या दारांसाठी फळी उचलली. आता डावा डोळा लावायचा आणि उजवा मिटायचा, एवढंच. त्याने उजवा मिटला, तर दोन्ही मिटले. पुन्हा प्रयत्न केला. गाल वर गेला, तोंड वाकडं झालं, पण उजवा डोळा एकटा काही मिटेना. जन्मभर डावाच मिटलेला, उजव्याला ती सवयच नव्हती.

बायको दारात उभी राहून हसत होती. "एवढा संसार झाला, पण या डोळ्याने मला कधी डोळा मारला नाहीत. आता भोगा."

मग तीच पुढे आली, त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. ओळंब्याने फळी डाव्या डोळ्याला लावली. कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावत गेली, ना ठिपका, ना फुगवटा.

"दिसतंय का नीट?" तिने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला.

तिचा हात कोमट होता. फळी सरळ आहे हे त्याला केव्हाच दिसलं होतं, पण त्याने निकाल द्यायची घाई केली नाही.