अरेनीची बाटली

भक्तीच्या तोंडी तिग्रानचं नाव आलं की तिच्या नवऱ्याचा, संदेशचा, घास हातातच राहायचा. आणि ते नाव हल्ली रोज यायचं. आखातात, मनामा शहरातल्या ज्या हॉटेलात भक्ती वाढायचं काम करायची, तिथे हा आर्मेनियाचा माणूस वाइन सांभाळायला आला होता.

"तिग्रान म्हणतो, वाइन घाईनं प्यायचीच नाही. त्यांच्याकडे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात द्राक्षाचा रस आंबवतात, माहितीय?"

मीना सलमान बंदराजवळच्या गॅरेजात दिवसभर ट्रकखाली पडून आलेला संदेश मुकाट्यानं आमटी ओरपायचा. ही बाहेर कुणाला माझं काही असं कौतुकानं सांगते का, हे त्याला विचारायचं होतं.

जूनमध्ये भक्तीनं तिग्रानला जेवायला बोलावलं. त्यानं आधीच एक बाटली तिच्याकडे दिली. अरेनी नावाच्या काळ्या द्राक्षांची, त्याच्या गावची.

"गारव्याला, अंधारात ठेवायला सांगितलीय," म्हणत तिनं ती कपाटात आडवी ठेवली, थेट लग्नाच्या शालूशेजारी. शालूची ती जागा संदेशला खुपली. ती ड्यूटीवर गेल्यावर त्यानं बाटली काढली आणि बुसैतीनमधल्या आपल्या घराच्या बाल्कनीत, भाजून काढणाऱ्या उन्हात ठेवून दिली. ती यायच्या आत परत शालूशेजारी. असं सलग दोन दिवस.

सुट्टीच्या दुपारी तिग्रान आला. बुटका, टकला. ते टक्कल पाहून संदेशला अंमळ बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. तिग्रान नुसतं तोंड उघडायचा, तोच भक्ती हसायला लागायची.

सोबत त्यानं खारं चीज आणि सुके जर्दाळू आणले होते. भक्तीनं मटण सुकं केलं होतं.

"हे मटण आणि अरेनी, जोडी जमेल," तिग्रान मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "ग्लास थोडाच भरायचा. आधी वास. मग घराच्या मालकाच्या नावानं पहिला घोट."

त्यानं संदेशकडे पाहून ग्लास उंचावला, घोट घेतला आणि थांबला.

"बिघडलीय. उकळलेल्या जामसारखी लागते. मी आणताना ऊन लागलं असणार. माफ करा, चूक माझी."

भक्तीनं काढून ठेवलेल्या बुचाकडे पाहिलं. तिनं बाटली ठेवली तेव्हा ते कोरडं होतं; आता उष्णतेनं त्याच्या कडेनं वरपर्यंत वाइन पाझरल्याचा डाग होता. तिनं मग नवऱ्याकडे पाहिलं. चूक स्वतःवर घेण्याचा तिग्रानचा तो मोठेपणा संदेशला शिवीपेक्षा जास्त झोंबला.

"मी ठेवली उन्हात," तो म्हणाला. "मुद्दाम. घरात तुझंच नाव ऐकून कान किटले माझे."

भक्ती ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. तिग्रान खो खो हसत सुटला.

"भाई, तिकडे आर्मेनियात, येरेवानला माझी बायको आहे, नुने. मी भक्तीचं नाव घेतलं की ती फोनच ठेवते!"

संदेशलाही हसू फुटलं. त्यानं पाहुण्याच्या ताटात मटण वाढलं, आत जाऊन भक्तीची माफी मागितली. ती भाकऱ्या घेऊन बाहेर आली. जेवणं बरी झाली.

तिग्रानला खाली टॅक्सीपर्यंत सोडून जिना चढताना मात्र संदेश मधेच थबकला. नुने फोनच ठेवते, म्हणजे हा तिला भक्तीबद्दल सांगतो तरी किती?