आखूड दोराच्या दोन ओळी

माझा भाऊ हंझला याच्या पोटात दुखायचं. औषधानं बरं होणारं दुखणं नव्हे ते. खिदाशचं नाव निघालं की उठायचं.

खिदाश आमच्या सिद्र टोळीचा कवी. त्यानं पहिली कविता रचली त्या दिवशी आमच्याकडे उंट कापला, बायकांनी डफ वाजवले, शेजारच्या टोळ्या अभिनंदनाला आल्या. टोळीत कवी निपजला म्हणजे कुणी अब्रूला हात घातला तर उत्तर द्यायला माणूस झाला! हंझला तेवढा दिवसभर लाकडं फोडत होता. लाकडांवर एवढा राग काढताना मी कुणाला पाहिलं नाही.

त्यात हंझलाला एकदा ऐकलेलं कधी विसरता येत नसे. म्हणून टोळीनं त्यालाच खिदाशचा पाठक नेमलं. खिदाशनं रचायचं, हंझलानं पाठ करून चारचौघांत म्हणायचं, आणि दरवेळी आधी सांगायचं, "सिद्र टोळीचा कवी खिदाश म्हणतो..." घसा हंझलाचा, वाहवा खिदाशची. मेजवानीत कलेजी खिदाशच्या ताटात, हाडं आमच्या.

"तू रच ना मग एखादी," मी म्हणायचे.

"मला शिकवू नकोस, उमैमा. त्याच्यापेक्षा बरी रचेन."

"मग रच की!"

"वेळ कुठाय? त्याचं पाठ करण्यात जन्म चाललाय माझा!"

त्या वर्षी जत्रेच्या तोंडावर हरजा टोळीच्या कवीनं आमची खिल्ली उडवली. सिद्रवाल्यांच्या विहिरीचा दोर आखूड, त्यांच्याकडचा पाहुणा तहानलेलाच परततो, असं त्यानं जोडलं आणि ते वाळवंटभर झालं. पोरंसोरंसुद्धा आम्हांला पाहून वीतभर दोर नाचवायची. जत्रेत उत्तर दिलं नाही तर वर्षभर मान खाली. खिदाशनं उत्तर रचलं. त्यात सिंह होते, तलवारी होत्या, वादळं होती, आणि मग पुन्हा सिंह.

हंझला उंटांना पाणी पाजता पाजता ते म्हणून बघत होता. मधेच थांबला, दगडी डोणीतल्या पाण्याकडे बघत पुटपुटला आणि एकटाच हसला. मी शेजारीच सांडणीची धार काढत होते.

"काय रे?"

"या सिंहांच्या मधे आपल्या दोन साध्या ओळी घुसडतो. दोर आणि डोण! खिदाशला हसून हसून लोकांची पोटं दुखतील."

"आणि टोळीची अब्रू?"

"ती सांभाळायला खिदाश आहे ना!"

मला वाटलं, नुसता बोलतोय.

जत्रेत खिदाश उंच गादीवर बसला. समोर हरजावाले मिशीत हसत होते. हंझला उभा राहिला. "सिद्र टोळीचा कवी खिदाश म्हणतो!" एरवी हे नाव तो कडू काढ्यासारखं तोंडाबाहेर टाकायचा, आज अगदी प्रेमानं, मोठ्यांदा म्हणाला. सिंह आले, तलवारी आल्या. लोक जांभया देऊ लागले. आणि मग:

दोर आमचा आखूड खरा, नाही म्हणतो कोण?
निम्मा तुम्हीच नेला, तेव्हा कोरडी होती डोण!

दुष्काळात हरजावाल्यांच्या विहिरीचं पाणी खोल गेलं, त्यांचा दोर पुरेना, तेव्हा माझ्या आजोबांनी आमचा दोर कापून त्यांना दिला होता. जत्रेत हे कुणाला ठाऊक नव्हतं? मग एकदम हशा फुटला. हंझलाला हवा होता तसाच, पोट धरून. फक्त लोक खिदाशला हसत नव्हते. हरजावाल्यांना हसत होते. त्यांच्या कवीनं घोंगडी उचलली आणि तो चालता झाला.

"वाहवा खिदाश! वाहवा!" लोकांनी खिदाशला खांद्यावर घेतलं.

त्या ओळी आपल्या आहेत, हे हंझला सांगणार कसा? खिदाश म्हणतो, असं त्यानंच तर ओरडून सांगितलं होतं. आणि जो पाठक दुसऱ्याच्या कवितेत आपलं मिसळतो, त्याला पुन्हा कोण ऐकणार? त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या दोन ओळी त्याच्या डोळ्यांदेखत खिदाशच्या होऊन गेल्या. माझा भाऊ असला तरी सांगते, मला आधी हसू आलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि वाईट वाटलं.

संध्याकाळी मेजवानी झाली. कलेजी खिदाशपुढे आली, पण त्यानं हात लावला नाही. जो येई तो म्हणे, "खिदाश, ती दोराची होऊ दे!" सिंहांची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. शेवटी खिदाश हंझलाकडे झुकला.

"त्या ओळी कुणाच्या?"

"तुझ्या. सगळ्या जत्रेनं ऐकलं ना!"

"मला असलं का सुचत नाही रे?"

"मला काय विचारतोस? कवी तू. मी आपला पाठ करणारा."

खिदाशनं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. आमच्याच तंबूत लहानाची मोठी झालेली ती. खिदाश हंझलावर जळत होता, आणि हंझला खिदाशवर पूर्वीपेक्षा दुप्पट.

खिदाशनं ताट सरकवलं. "तू खा."

"तुझी आहे. तूच खा," हंझलानं ते परत ढकललं.

दोघंही घास घेईनात. कलेजी मधे थंड होत चालली. मग मीच ताट ओढून घेतलं आणि सगळी खाल्ली.