भरणखोलीतलं सोवळं

छप्पन सालची गोष्ट. कुंभकोणम्‌च्या मेलकावेरीत इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या भरणारा एक छोटा कारखाना होता. भरणखोलीतली हवा तपासायचं काम सुंदरेशकडे. जंतू वाढावेत म्हणून चिनी गवताच्या खळीचा थर दिलेल्या काचेच्या बशा तो टेबलावर उघड्या ठेवी आणि मग उबेच्या कपाटात. हवेतून धुळीबरोबर जे जंतू पडत, त्यांचे दोन-तीन दिवसांत ठिपके उठत. हल्ली तर बशा बुरशीनं नुसत्या भरून जात.

मालक शंकरनारायण वैतागले. खोली सुधारली नाही तर भरणं बंद, म्हणाले. म्हणजे कुप्या भरणाऱ्या भागीरथीअत्याचं काम जाणार. विधवा अत्या सुंदरेशकडेच राहायची, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या सोवळ्याला घराबाहेर कुणी मान दिला होता. भरायला सोवळ्यातलंच माणूस हवं हा हट्ट मालकांचा. अत्याचं नाव सुचवणारा शहाणा सुंदरेश.

त्यानं भिंती धुवून घेतल्या, पंखा काढला. ठिपके हटेनात. मग अत्या लग्नाला नाचियार्कोविलला गेली, तिच्या जागी कारखान्यातली शिवकामी धुतलेल्या सुती साडीत बसली, आणि बशा कोऱ्या करकरीत निघाल्या. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. अत्या रोज खोलीच्या दाराशी रेशमी सोवळं झटकून नेसायची. रेशमाला विटाळ नाही, म्हणून ते कधी धुतलेलंच नव्हतं.

सांगणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं अत्यालाच एका बशीवर पदर टेकवायला लावला, आणि उगवलं ते नंतर तिच्यापुढे धरलं.

"हे कसाला वाढलं रे?"

"तुझ्या सोवळ्यातलं अहे, अत्या. वाफेत उकडून काढलेलं सुती नेस. काम ऱ्हाईल."

ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं बशी बराच वेळ पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी सुती नेसून कामावर बसली. बशा स्वच्छ निघाल्या. मालक खूश, सुंदरेश त्याहून खूश.

त्या संध्याकाळी घरी देवापुढे दिवा नव्हता. अत्या बाहेर ओसरीवर बसली होती.

"अतां पूजा तूच कर," ती म्हणाली. "अस्की वर्षं तेंच नेसून मी विठोबाला शिवलें."

"देवाला काय होतं त्यानं?"

"मग तुझ्या सुईला कसाला चालत नाही?"

तिचं काम वाचवलं होतं, तरी सुंदरेशला मनापासून वाईट वाटलं. कॉलेजात गेल्यापासून त्यानं पूजेला हात लावला नव्हता. अंघोळ करून तो देवापुढे बसला, आणि उंबऱ्याबाहेरून अत्या सांगेल तसं करत गेला. ती आत आली नाही.