करावे गावाला भेट मिळालेला आडोसा

मित्रांनो, मतदानाच्या वेळी ज्याच्यामागे उभं राहून माणूस गुपचूप शिक्का मारतो, तो जुना लाकडी आडोसा मी. माझा जन्म एवढ्याच कामासाठी झाला, आणि नेमकं तेच मला जमलं नाही.

महाप्याच्या एका कारखान्यात, यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांतून मला घडवलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. करावे गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि सामान अपुरं पडत होतं. कारखान्याने आडोसे, मांडव, चहापाणी, वर स्वयंसेवकही देऊ केले. त्याच कारखान्याला गावची खाडीकाठची जागा हवी होती, हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मला ठोकलं दिलीपने. वाशीच्या नव्या वसाहतीत राहणारा, कारखान्यातला हा कारकून मोठा हौशी आणि भला. काम उरकल्यावर तो कारखान्याच्या मॅनेजरना म्हणाला, "नंदकिशोरसाहेब, फळ्यांत फट राहिलीय. गोणपाट मारू?"

"सोड रे, कशाला टेन्शन घेतोस? हवा येईल," साहेब म्हणाले. दिलीपने हातोडी खाली ठेवली.

मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेत जो तो माझं कौतुक करत होता. मी अगदी फुगून गेलो. माझ्या फटीच्या बाजूला, खिडकीपलीकडे, साहेब स्वतः पाणी वाटत उभे होते. कोळीण बायजाबाई आली. जागा द्यायला विरोध करणाऱ्या उमेदवारावर तिने शिक्का मारला. साहेबांची नजर फटीतून आत आली आणि मी नुसता उभा राहिलो. आठवड्याभरात तिच्या सुनेला, रखमाला, कारखान्याने कामावरून काढलं.

पुढची काही वर्षं मी शाळेच्या अडगळीत धूळ खात पडलो. पुन्हा निवडणूक आली तेव्हा दिलीप आला आणि त्याने माझ्यावर जाड गोणपाट ठोकलं. "तेव्हाच मारायला हवं होतं. मला दिसलं होतं," तो पुटपुटत होता. त्याचे डोळे भरले होते. लाज मलाही वाटत होती.

बायजाबाई आली, पण माझ्यामागे वळली नाही. टेबलावरच, सगळ्यांच्या देखत, तिने कारखान्याच्या उमेदवारावर शिक्का मारला आणि कागद उंच धरला.

"आजी, असं दाखवलंत तर मत बाद होईल!" अधिकारी कळवळून म्हणाले.

"होऊ दे बाद. सुनंला परत कामावर घेतलं हाय. तिची नोकरी तरी ऱ्हाऊ दे."

दिलीपने मान खाली घातली.

मित्रांनो, कुणाच्या मदतीला जाल तेव्हा जे खटकेल ते तिथल्या तिथे नीट करा, मग कुणी काहीही म्हणो. मला नंतर कितीही घट्ट झाकलं, तरी बायजाबाई जिवंत होती तोवर माझ्यामागे कधी उभी राहिली नाही.