मोहाखालचं मशीन

"मोहाखाली ते मशीन नोका लावू, बाबू. तिथं फूल पडून राह्यलं," रूपसिंग म्हणाला.

मी पाईप हातात धरून उभा होतो. मशीन म्हणजे दोन चाकांवरचं पेट्रोलचं धूड. पुढे मांडीएवढा जाड पाईप, पोटात फिरणारी पाती, मागे गादीच्या खोळीएवढी कापडी थैली. पाईपाने पाला ओढायचा, पात्यांनी त्याचा भुगा करायचा, भुगा थैलीत. खराट्याचं आठ दिवसांचं काम एका दिवसात होतं, असं आमचे उपअभियंता साहेब सांगायचे, आणि साहेब सांगायचे ते आमच्याकडे खरंच असायचं.

ही कापसाच्या वाईट वर्षांतली गोष्ट, दोन हजार सहाच्या मार्चातली. मी एका सरकारी विश्रामगृहावर बाबू होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, तिथे अजून ओळखीचे लोक आहेत. तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे रोज पेपरात आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव असायचं आणि दर पंधरा दिवसांनी कुठलंतरी पथक यायचं. येत्या गुरुवारी दिल्लीचं पथक उमरखेडकडून येऊन आमच्याकडे जेवणार होतं. त्यांना मेलेल्या माणसांची घरं बघायची होती, आणि आम्हाला अंगणातली पानं लपवायची होती. आता साग आणि कडुनिंब फाल्गुनात पानं टाकणारच, त्यात कोणाच्या बापाचं काय जातं? पण साहेबांना एक पान दिसायला नको होतं. मला या सगळ्याची तेव्हाच किळस यायला हवी होती. आली नाही. नवं मशीन चालवायला मिळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

रूपसिंग आमचा माळी आणि झाडूवाला. जवळच्या तांड्यावरचा बंजारा, सत्तावन्न वर्षांचा. एकोणीस वर्षं रोजंदारीवर काढल्यावर त्याला कायम करण्याची फाईल एकदाची हलली होती. वरच्या ऑफिसला आता एकच कागद जायचा राहिला होता, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, साहेबांच्या सहीचा. महिनाअखेर तो गेला की रूपसिंग पक्का नोकर होणार होता. रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन तो एकच विचारायचा, "दाखला गेला का, बाबू?" आणि मी रोज म्हणायचो, "पथक जाऊ द्या, मग."

आवाराच्या मागच्या अंगाला मोहाचं मोठं झाड होतं. माघ सरता सरता रूपसिंग त्याच्याखालचा सगळा पाला खराट्याने काढायचा आणि जमीन सारवल्यासारखी करून ठेवायचा, म्हणजे पडलेलं फूल दिसतं आणि मातीत मळत नाही. पहाटे तांड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन यायच्या, फुलं वेचायच्या आणि सातच्या आत निघून जायच्या. मागे ना फूल राहायचं, ना वास. या वर्षी साहेबांनी हुकूम सोडला, पथक येतंय, बायांना गेटातून आत सोडायचं नाही. बायांना अडवायला दिवसभर गेटवर रूपसिंगलाच उभं केलं. त्याच्याच पुतण्या, त्याच्याच सुना. त्या टोपल्या घेऊन परत जायच्या आणि हा मान खाली घालून उभा राहायचा.

"फूल काय, पान काय, मशीनला दोन्ही सारखं," मी त्याला म्हणालो.

"मशीनले सारखं असन. फुलात रस हाय, बाबू. आंबून जाईन. आधी बायाइले वेचू द्या, मंग लावा."

"साहेबांनी बायांना नाही म्हटलंय."

"मंग म्या वेचतो."

"तुम्ही गेट सोडून आलात हेच साहेबांनी पाहिलं तर दाखला राहील बाजूला, रूपसिंगभाऊ."

दाखल्याचं नाव काढलं की तो गप्प व्हायचा. मला ते माहीत होतं, म्हणूनच काढलं. तो गेटवर गेला आणि मी मशीन मोहाखाली लावलं.

सोमवारी आणि मंगळवारी, दोन्ही दिवस मीच चालवलं. पाला सुका असेपर्यंत मशीन खडखडायचं. मोहाखाली गेलं की आतून फच्च फच्च आवाज यायचा. पानं, फुलं, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, एक मेलेला उंदीरसुद्धा गेला. शेपटी तेवढी दिसली, मग तीही गेली. थैली खालून ओली व्हायला लागली. ती उचलून खताच्या खड्ड्यापर्यंत न्यायचा मला कंटाळा आला. तोंड दोरीने बांधलं, मशीनसकट रूपसिंगच्या हत्यारांच्या खोलीत ढकललं आणि वरून टिनाचं दार लावून घेतलं. पथक गेल्यावर बघू म्हटलं.

बुधवारी दुपारी स्वयंपाकवाली रुखमाबाई म्हणाली, "बाबू, मागून कायतरी आंबल्यावानी वास येऊन राह्यला."

"फिनाईल टाका," मी म्हणालो.

गुरुवारी ऊन चाळिशीच्या वर गेलं. बारा वाजता पाच गाड्या आल्या. पथकातले मोठे साहेब उतरले, दोन पावलं चालले आणि नाकाला रुमाल लावून आमच्या साहेबांना विचारलं, "यहाँ शराब बनती है क्या?"

कोणीतरी हसलं. मोहाच्या दारूची भट्टी लागावी तसा वास सगळ्या आवारात भरला होता. आमचे साहेब पांढरेफटक पडले. पथकाला जेवायला बसवून ते मला घेऊन वासाच्या मागावर निघाले. टिनाचं दार उघडलं आणि मला तिथेच ओकारी आली. थैली फुगून टम्म झाली होती. तिच्या शिवणीतून काळपट पाणी गळत होतं, त्यावर फेस होता, आणि माशा इतक्या की कापड दिसत नव्हतं. खाली ओघळात अळ्या वळवळत होत्या.

"ही खोली कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"रूपसिंगची," मी म्हणालो. हे खरंच होतं. खरं बोलूनही माणूस किती नीच होऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"तांड्यावरचा ना तो?" साहेब म्हणाले. झालं. त्यांना जे पाहिजे होतं ते मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आमच्या खात्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पथक गेलं आणि रूपसिंगला बोलावलं. पंचनामा तयारच होता. सरकारी आवारात मोहफूल साठवून दारू गाळण्यासाठी आंबवलं, असं त्यात होतं. ज्या माणसाने जन्मात दारूला तोंड लावलं नाही, त्याच्यापुढे तो कागद वाचला गेला. त्याने शांतपणे ऐकून घेतला.

"म्या काहून ठेवीन, साहेब? मशीन बाबूनं चालवलं. म्या तर गेटवर होतो. बाबूले विचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. मशीन त्यांच्या सहीने आलं, चालवलं मी, प्रकरण मशीनवर गेलं तर दोघंही गेलो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"थैली मशीनचीच आहे," मी म्हणालो. "आत काय होतं ते मी पाहिलं नाही."

रूपसिंग माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. उकिरड्यावर कुजलेलं काही दिसल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो बघत होता. मी पंच म्हणून सही केली. वाचलंसुद्धा नाही. साहेब त्याला म्हणाले, "दाखला विसर आता. उद्यापासून येऊ नको. पोलिसात देत नाही, हे उपकार समज."

शुक्रवारी सकाळी मी आलो तर रूपसिंग हातपंपापाशी बसलेला. मशीन त्याने बाहेर ओढून सगळं सुटं केलं होतं. थैलीतला लगदा लांब नेऊन पुरला होता. पात्यांवर चिकटलेला काळा चिकटा तो राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत होता. हात कोपरापर्यंत भरले होते. मी रुमाल नाकाला धरून दहा हात लांब उभा राहिलो.

"रूपसिंगभाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाही. घाण माह्या खोलीत होती."

दुपारपर्यंत त्याचं काम चाललं. मग मशीन जोडून, थैली वाळवून, तो माझ्या टेबलापाशी आला. रोज जिथे उभा राहायचा तिथेच उभा राहिला. दाखल्याचं मात्र त्याने विचारलं नाही.

"बाबू, कागद द्या लिहून. रूपसिंगनं मशीन साफ करून जमा केलं. वास नाही."

मी घाईघाईने कागद ओढला. तेवढं तरी करता येत होतं.

"असं नोका लिहू," तो म्हणाला. "काल न वाचता सही केली तुमी. आधी पाहा."

मी उठलो. मशीनपाशी गुडघे टेकून बसलो आणि त्या पाईपाच्या तोंडाशी नाक नेलं. राखेचा आणि ओल्या लोखंडाचा वास येत होता, दुसरा काही नाही. तो उभाच होता. मग त्याने थैली उलटी करून माझ्यापुढे धरली. मी तीही हुंगली.

टेबलावर येऊन मी लिहिलं, रूपसिंग याने मशीन स्वच्छ करून जमा केले, आज पाहिले, कसलाही वास नाही. त्याने अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचलं.

"तारीख राह्यली."

मी तारीख टाकली आणि सही केली. एकोणीस वर्षांनंतर सरकारी सहीचा तेवढाच एक कागद त्याला मिळाला होता. त्याची चार घड्या करून त्याने तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, हात पुन्हा एकदा पंपावर धुतले, आणि गेटबाहेर पडून तांड्याच्या वाटेला लागला.