हेन्शीरची सहल

कसर हलाल गावातल्या शिवणकारखान्याला ऑगस्टमध्ये पंधरा दिवस टाळं लागायचं. नजलाची वर्षातली सुटी ती तेवढीच. जून उजाडला की तिची मोठी बहीण बसमा फोनवर फोन करायची.

"या वर्षी तरी हम्मामेतच्या हॉटेलात आमच्याबरोबर चला. खोली ऐसपैस आहे, पोरं खाली गादी टाकून झोपतील. खाणंपिणं सगळं त्यातच. पाण्यातल्या घसरगुंड्या आहेत तीन-तीन. का याही वर्षी नवऱ्याचं भाषण ऐकत राहणार आहेस?"

नवऱ्याचं, तौहामीचं, भाषण सगळ्या घराला पाठ होतं. "हॉटेलात पोरं काय शिकणार? ताटात ढीग वाढून घ्यायचा आणि अर्धा टाकून द्यायचा, हेच ना? वर्षभर शाळेत घोकंपट्टी चाललेली असते. डोळ्यांनी बघून, हात लावून काही कळायचं तर ते सुटीतच." असं तो दर उन्हाळ्यात म्हणायचा आणि दर उन्हाळ्यात माघार घ्यायचा. नजला दमलेली असायची. मग चार दिवस मोनास्तीरच्या समुद्राकाठी वाळूत छत्री रोवून बसायचं, टरबूज कापायचं आणि परत यायचं.

तौहामी लुआज, म्हणजे शेअर टॅक्सी, चालवायचा. आठ माणसं भरली की सूसहून ट्यूनिस, आठ भरली की ट्यूनिसहून सूस. पण त्याआधी त्यानं इतिहासाची पदवी घेतली होती, तीही वरच्या नंबरानं. शिक्षकभरतीच्या परीक्षेला तो सहा वेळा बसला. सहाव्या वेळी नजलाच्या पोटात थोरली शिराझ होती. त्यानंतर तो बसला नाही. गाडीचा परवाना काढला. आता इतिहास उरला होता तो शेजारच्या सीटवर बसणाऱ्या प्रवाशापुरता. रस्त्यात एखादी टेकडी, एखादा पडका बुरूज दिसला की तो सुरू व्हायचा, आणि लोकही ऐकायचे. काहीजण तर मुद्दाम त्याचीच गाडी भरायची वाट बघायचे.

या वर्षी मात्र नजलानं त्याची बाजू घेतली, त्याला कारण घडलं मे महिन्यात. त्या दिवशी तौहामीला दुपारी फेरी नव्हती. खांदा दाखवायला गेलेल्या नजलाला दवाखान्यातून घेऊन तो तसाच शिराझच्या शाळेपाशी गेला. शाळा सुटली. बारा वर्षांची शिराझ दोन मैत्रिणींबरोबर फाटकातून बाहेर आली, तिनं पांढरी लुआज पाहिली, आणि मान खाली घालून गाडीशेजारून सरळ पुढे निघून गेली. कोपऱ्यावर मैत्रिणी वळल्यावर ती थांबली. तौहामीनं गाडी सावकाश कोपऱ्यापर्यंत नेली, दार उघडलं आणि विचारलं, "भूक लागली का गं?"

नजलाला त्या रात्री झोप लागली नाही. पोरीनं बापाला नेहमी चाकामागेच पाहिलं होतं, प्रवाशांच्या पिशव्या टपावर चढवताना, सुट्या पैशांवरून कुणाशी तरी हुज्जत घालताना. ज्या गोष्टीत हा माणूस कुणाला हार गेला नसता ती गोष्ट पोरांनी पाहिलीच नव्हती. तिनं दुसऱ्या दिवशी बसमाला सांगून टाकलं, "आम्ही हेन्शीरला चाललोय. केफच्या बाजूला. रोमन गाव आहे जुनं."

"आगीत जा," बसमा म्हणाली. "ऑगस्टमध्ये? पोरं भाजून निघतील."

तौहामीला मात्र नजलानं नुसतं म्हटलं, "पोरांना दाखव की तुझं ते गाव." तो तिच्याकडे बघतच राहिला. मग महिनाभर तो जेवण झालं की वही घेऊन बसायचा. कुठून शिरायचं, ऊन चढायच्या आत काय काय बघून घ्यायचं, आठ वर्षांच्या अयहमला कंटाळा आला तर काय दाखवायचं, हे सगळं त्यानं लिहून काढलं. भावाची जुनी गाडी मागून आणली. पहाटे निघून दहाच्या आत ते हेन्शीरला पोचले. डब्यात उकडलेली अंडी, हरीसाची तिखट चटणी लावलेल्या पोळ्या आणि सोललेली निवडुंगाची बोंडं होती.

पहिला अर्धा तास काही जमेना. तौहामी घसा खाकरायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि पोरांच्या तोंडाकडे बघायचा. शिराझ टोपी पुढे ओढून मागे मागे चालत होती. अयहमला सरडे दिसत होते. मग ते सार्वजनिक संडासापाशी आले. घोड्याच्या नालासारखा दगडी ओटा, त्याला ओळीनं बारा भोकं.

"बस," तौहामी अयहमला म्हणाला.

"इथं?"

"हो, बस. आणि शिराझ, तू त्याच्या शेजारी. असेच बसायचे ते. व्यापारी, न्यायाधीश, सगळे एका रांगेत. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. आणि बसल्या बसल्या गप्पा. गव्हाचा भाव काय झाला, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं."

अयहम इतका हसला की ओट्यावरून घसरला. शिराझलाही हसू आवरेना. तौहामी स्वतः पलीकडच्या भोकावर बसला आणि पोट धरून न्यायाधीशाची नक्कल करायला लागला. "यंदा गहू महाग आहे हो... आणि माझं पोटही काही ठीक नाही."

तिथून तौहामीच्या बोलण्याची गाडी सुटली. पाणी कुठल्या डोंगरातून यायचं, रस्त्यावरच्या दगडात चाकांच्या खोबणी का पडल्यात, एका घराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर कुत्रा का चितारलाय. फ्रान्समधून सुटीला मायदेशी आलेलं एक कुटुंब जवळ येऊन उभं राहिलं. त्यांच्या मुलांना अरबी धड येत नव्हती, म्हणून तौहामी फ्रेंचमध्ये बोलू लागला. मग दोन म्हातारे परदेशी, नवरा-बायको, येऊन मिळाले. बघता बघता दहा-बारा माणसं झाली. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवून तो खाली मधोमध उभा राहिला आणि साध्या आवाजात बोलला, तरी वरच्या पायरीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नजलाचं लक्ष शिराझकडे होतं. पोरीनं टोपी काढून हातात घेतली होती. फ्रान्सवाल्या मुलीनं तिला काहीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझे बाबा आहेत ते."

नजलाला वाटलं, झालं, आपलं काम झालं. आता घरी गेलो तरी चालेल.

निघताना म्हाताऱ्या परदेशी माणसानं तौहामीचा हात हातात घेतला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात एक नोट कोंबली. तौहामी नको नको म्हणत ती काढून परत देऊ लागला, म्हातारा हसत हात मागे घेऊ लागला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"ए! कोण तू? बिल्ला कुठाय तुझा?"

गळ्यात बिल्ला अडकवलेला गाईड होता. सकाळपासून तो फाटकापाशी सावलीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसला होता आणि त्याच्यासमोरून माणसं तौहामीच्या मागे गेली होती. त्याच्याबरोबर दोन पहारेकरी होते.

"भाऊ, मी गाईड नाही," तौहामी म्हणाला. "पोरांना दाखवायला आलोय."

"पोरांना फ्रेंचमध्ये सांगतोस? आणि पोरं पैसे देतात होय तुला? आम्ही परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि हे येऊन आमच्या ताटातलं ओढणार!"

फाटकाजवळच्या चौकीत त्यांना नेलं. बाहेर सावली नव्हती म्हणून पोरंही आतच उभी राहिली. टेबलामागचा अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. गरमीनं हैराण झाला होता आणि त्याचा जेवणाचा डबा टेबलावर तसाच बंद होता.

"धंदा काय?" ओळखपत्र उलटसुलट करत त्यानं विचारलं.

"लुआज चालवतो."

"ड्रायव्हर?" त्यानं मान वर केली. "आणि इतिहास शिकवतोस?"

"पदवी आहे माझी, साहेब. इतिहासातच."

"असेल. हल्ली चहावाल्याचीही असते. हे बघ, मला प्रकरण वाढवायचं नाही. एक कागद लिहून दे आणि जा." त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. मी गाईड नाही. मला या स्थळाची कोणतीही माहिती नाही. मी पाहुण्यांना चुकीची माहिती दिली. पुन्हा असं करणार नाही."

तौहामीनं पेन घेतलं. त्याचं अक्षर देखणं होतं. पहिलं वाक्य त्यानं लिहिलं आणि तिथेच थांबला.

"काय झालं? लिहिता येतं ना?"

"पहिलं लिहितो, साहेब. शेवटचंही लिहितो. मधली दोन नकोत. चुकीचं काही सांगितलेलं नाही मी."

"बाबांनी सगळं खरं सांगितलं," शिराझ मागून म्हणाली. "हवं तर पुस्तकात बघा."

"शिराझ, गप्प," तौहामी म्हणाला.

अधिकारी चिडला नाही, नुसता कंटाळला. "मग असं करू. जिल्ह्याच्या ठाण्यात जाऊ. तिथं तुझा लुआजचा परवाना मागवतील, महिना-दोन महिने कागद फिरतील. तोवर घरी बस आणि पुस्तकं वाच."

पेन तौहामीच्या हातात तसंच होतं. नजलानं ती मान ओळखली. ही मान एकदा ताठ झाली की हलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर घरात बसलेला नवरा आला, हप्त्याची गाडी आली, आपला दुखरा खांदा आला. ती पुढे झाली.

"साहेब, त्याचं काय मनावर घेता," ती म्हणाली. "ड्रायव्हर माणूस तो. त्याला काय कळतंय? गाडीत लोकांचं ऐकून ऐकून काहीबाही बडबडत असतो. घरीसुद्धा हेच. आम्ही कुणी लक्ष देत नाही."

गाईड फसकन हसला. अधिकारीही हसला, आणि खोलीतला ताण एकदम सैलावला. "बघ, बाई शहाणी आहे," तो म्हणाला.

तौहामीनं एकदाच वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. मग तो वाकला आणि उरलेली वाक्यं त्यानं सांगितली तशी, एकही कानामात्रा न चुकवता लिहून दिली. सही केली. खिशातली नोट काढून टेबलावर ठेवली. ती कुणी उचलली ते नजलानं पाहिलं नाही, कारण ती शिराझकडे बघत होती आणि शिराझ तिच्याकडे बघत नव्हती.

गाडी रस्त्याला लागली. डबा तसाच मागच्या सीटवर होता. मग अयहमनं विचारलं, "बाबा, ते संडासाचं पण खोटं होतं?"

"हो," तौहामी म्हणाला.

रात्री केफला त्याच्या कॉलेजच्या मित्राकडे मुक्काम करायचा होता. तौहामीनं फाट्यावरूनच गाडी उलटी वळवली. "बसमाला फोन कर," तो म्हणाला. "खोलीत जागा असेल तर विचार."

उरलेले दिवस त्यांनी हम्मामेतला काढले. अयहम सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात होता. बसमा खूश होती. "मी म्हटलं नव्हतं?" तिनं चार वेळा तरी विचारलं. तौहामी छत्रीखाली बसून राहायचा, जेवायला हाक मारली की उठायचा, रांगेत उभा राहून पोरांची ताटं भरून आणायचा.

परत आल्यावर एका संध्याकाळी, पोरं बाहेर असताना, नजला म्हणाली, "तुला सोडवायला बोलले मी ते."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "बरं केलंस. परवाना गेला असता." आणि तो हात धुवायला उठला. तिला अजून बरंच बोलायचं होतं. ते बोलायची वेळ आलीच नाही, कारण त्यानं पुन्हा तो विषय कधी काढू दिला नाही.

हिवाळ्यात शेजारचा म्हातारा शिंपी एकदा नजलाला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला बरं नाही का गं? परवा ट्यूनिसला गेलो त्याच्या गाडीतून. अख्खा रस्ताभर रेडिओ लावून बसला होता." आणि शिराझला इतिहासात काही अडलं की ती घरात विचारायच्या ऐवजी मैत्रिणीला फोन करायची. मैत्रिणीच्या वडिलांचं किराणा दुकान होतं.

पुढच्या जूनमध्ये सुटीत कुठं जायचं ते ठरवायला फारसं काही उरलं नव्हतं. "हॉटेल," शिराझ म्हणाली. "हॉटेल!" अयहम ओरडला. तौहामी म्हणाला, "चालेल."

सुटीआधी जुलैमध्ये मोहम्मदियाला तौहामीच्या मामेभावाचं लग्न होतं. भावाच्या त्याच गाडीतून ते चौघं निघाले. गाव जवळ आलं तशा रस्त्याच्या कडेनं उंच दगडी कमानी सुरू झाल्या. मातकट, एकामागून एक, काही पडलेल्या, काहींवर पक्ष्यांची घरटी. त्या दोघांचं लग्न ठरल्यावर तौहामीनं नजलाला पहिल्यांदा फिरायला आणलं होतं ते इथंच. या कमानींखाली उभं करून त्यानं तिला तासभर सांगितलं होतं, झगवानच्या झऱ्याचं पाणी या कमानींवरून थेट कार्थेजपर्यंत कसं जायचं, उतार इतका बेतानं कसा काढला होता की पाणी ना तुंबायचं ना धावायचं. तिला तेव्हा वाटलं होतं, या माणसाबरोबर आयुष्य काढलं तर कंटाळा येणार नाही.

"बाबा, हे काय आहे?" अयहमनं काचेला नाक लावून विचारलं.

"भिंत आहे," तौहामी म्हणाला. "जुनी."

नजला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "फ्रेंचांनी बांधली ती. आगगाडीसाठी."

पूर्वी एवढ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली असती. कपाळावर हात मारून म्हणाला असता, अगं बाई, आगगाडी? तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात गिअरवर गेला, समोरच्या ट्रकला वाट द्यायला त्यानं गाडी जरा हळू केली आणि ट्रक गेल्यावर पुन्हा वेग घेतला.

मागे शिराझनं मान वर केली होती. तिला खरं माहीत होतं. शाळेत याच वर्षी हा धडा झाला होता, नजलानं तिच्या वहीत ते चित्र पाहिलं होतं. आरशात मायलेकींची नजरानजर झाली. शिराझनं कानात गाण्याच्या वायरी घातल्या आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आगगाडी एवढ्या वरून जायची?" अयहम म्हणाला. "पडत नसेल?"

"नाही पडायची," नजला म्हणाली.