काटेमास्तरांच्या चौदा बाटल्या

"आणखी आहे का पिशवीत काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काटेमास्तरांनी पिशवीचा तळ चाचपला आणि शेवटची बाटली काढून टेबलावर ठेवली. "चौदा," ते म्हणाले. "बरोबर चौदा." आवाजात थोडा अभिमान होता. बाटल्या त्यांनी उंचीप्रमाणे ओळीत मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती: कधी, किती, कशाबरोबर.

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको हात मांडीवर दाबून बसली होती. तीन दिवस त्या हातांना कंप सुटला होता. बसल्याजागी घाम फुटत होता, छाती धडधडत होती. अंगदुखी जुनीच; हे थरथरणं मात्र नवीन होतं. फोनवर ऐकताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काकू, आत्ताच्या आत्ता या. आणि घरात जे जे म्हणून घेताय ना, ते सगळं आणा."

काटेमास्तरांचं बाजारात वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. फळवालीच्या तराजूपासून सोनाराच्या नाजूक काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बायको टपाल कचेरीच्या खिडकीवर. बावीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारून मारून तिचं नावच टपालबाई पडलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिचा खांदा धरला. मग मान, मग पाठ, मग गुडघे. मग दुखत नाही असं काही उरलंच नाही. तपासण्या झाल्या, पण रिपोर्ट इतके चांगले यायचे की तिला स्वतःचीच लाज वाटायची. कचेरीतल्या बायका म्हणाल्या, खिडकीवर बसायचा कंटाळा आलाय हिला. सख्खी बहीण म्हणाली, "तू ना, फार मनावर घेतेस गं." टपालबाई हसून वेळ मारून न्यायची. "नवरा काटेवाला आणि बायकोची प्रकृती तोळामासा," ती म्हणायची. "जोडा कसा मापात बसलाय बघा!"

चार वर्षांपूर्वी या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं. फायब्रोमायाल्जिया. ते ऐकून टपालबाई आधी रडली, मग म्हणाली, "परत एकदा सांगा ना." घरी येईपर्यंत ती तो शब्द घोटत राहिली. मास्तरांच्या जिभेवर तो कधीच बसला नाही. ते आपले "तुझं ते फायब्रो" म्हणत. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी बरंच समजावलं होतं. एक गोळी लिहून दिली होती, झोप सांभाळा, रोज थोडं थोडं चाला, हळूहळू बरं वाटेल असं सांगितलं होतं. मास्तरांच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं: हे मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. एखाददुसरी बाटली त्याआधीही घरात येत होती, पण त्या आठवड्यापासून ते हात धुऊन त्या औषधामागे लागले.

काट्यासमोर उभं राहिलेलं माणूस बोलतंच. कुणी मॅग्नेशियम सांगितलं, कुणी माशाचं तेल. कुणाच्या मावशीला अश्वगंधेने गुण आला होता, कुणाच्या मेहुण्याला हळदीच्या कॅप्सूलने. मास्तर ऐकायचे, आणायचे. पावडर असेल तर सोनाराच्या काट्यावर तोलून एकेका दिवसाच्या पुड्या बांधायचे. चमच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. टपालबाई मुकाट्याने सगळं घ्यायची. तीन आठवड्यांपूर्वी पिवळ्या फुलांच्या अर्काच्या गोळ्या आल्या.

तीच बाटली डॉक्टरीणबाईंनी आता उचलली होती.

"ही कुणी सांगितली?"

"गिऱ्हाइकाने. मन प्रसन्न राहतं म्हणाला. झाडपाल्याचंच आहे, त्याने अपाय कसला?"

"काका, झाडपाल्याचं असलं तरी औषध ते औषधच. मी काकूंना जी गोळी देते तिचं आणि हिचं काम बरंचसं सारखं. दोन्ही एकदम पोटात गेल्या की अति होतं. हा कंप, हा घाम त्याचाच असणार. आणखी चार दिवस काढले असतेत तर भारी पडलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी आणखी तीन बाटल्या ओळीतून पुढे ओढल्या. "आणि हे बघा. यात ड जीवनसत्त्व. यातही. या हाडांच्या गोळीतही. रक्तात कमी होतं म्हणून एक मीच दिलं होतं. पण तिन्ही मिळून..." त्यांनी कागदावर तीन आकडे लिहून बेरीज मारली. "गरजेच्या चौपट होतंय. महिनोन्महिने एवढं गेलं तर मूत्रपिंडाला त्रास."

मास्तरांनी कागद स्वतःकडे फिरवून बेरीज तपासली. बरोबर होती. प्रत्येक पुडी त्यांनी गुंजेगुंजेने तोलली होती. सगळं मिळून किती होतं, ते मात्र कधी मांडलंच नव्हतं.

बाकीच्याही एकेक करून बाजूला गेल्या आणि दोन बाटल्या उरल्या. एक डॉक्टरीणबाईंनी स्वतः दिलेली, ड जीवनसत्त्वाची. दुसरी मॅग्नेशियमची, तिच्याबद्दल त्या म्हणाल्या, "पोट बिघडत नसेल तर घ्या, पण गुण येईलच असं मी सांगणार नाही." त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, फुलांची आणि आपली, दोन्ही गोळ्या तूर्त बंद केल्या आणि टपालबाईला संध्याकाळपर्यंत तिथेच झोपवून ठेवलं.

दोन दिवसांत कंप थांबला. मास्तरांचं जेवण मात्र थांबलं. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी टपालबाईने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"अहो, हे काय चालवलंय? विष पाजलंत का मला?"

"जवळपास तेच की."

"काहीतरीच तुमचं! ऐका. सगळं जग नाटकं करते म्हणत होतं, तेव्हा तुम्ही बाटली आणत होतात. बाटलीत काय होतं ते जाऊ दे. या माणसाचा माझ्यावर विश्वास आहे, एवढं मला रोज कळायचं."

हे ऐकून मास्तरांचा चेहरा आणखीच उतरला. टेबलावर बोटाने रेघ ओढत ते म्हणाले, "नव्हता."

"काय नव्हता?"

"विश्वास. पहिली दोन वर्षं नव्हता. तू एकदा म्हणालीस, किटली उचलवत नाही. तू कामावर गेलीस आणि मी किटली दुकानात नेली. काट्यावर ठेवली."

टपालबाई बघतच राहिली. "किटली मोजलीत?"

"हो."

"किती भरली?"

"पाण्यासकट एक किलो चारशे. म्हटलं, एवढ्याशा वजनाला ही रडते? आठ दिवस मनात राग धरून होतो. मग एकदा तुला कचेरीच्या पायऱ्या चढताना लांबून पाहिलं. बघणारं कुणीच नव्हतं, आणि तरी तू प्रत्येक पायरीवर थांबत होतीस. तेव्हापासून बाटल्या."

टपालबाईचे खांदे हलायला लागले. मास्तर घाबरून उठले, तेव्हा त्यांना दिसलं की ती हसते आहे. बरगड्या दुखतात म्हणून एका हाताने कूस धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते आहे.

"एक किलो चारशे!" ती म्हणाली. "अहो, मला ती दहा किलोची वाटायची. बसा, जेवा आधी."

मग चालणं सुरू झालं. सकाळी दहा मिनिटं, कोपऱ्यापर्यंत. पहिल्या आठवड्यात ती फाटकापासूनच परतली. दुसऱ्यात दिव्याच्या दुसऱ्या खांबापर्यंत गेली. मास्तर मोठी पावलं टाकून पुढे जायचे आणि मग चप्पल झटकल्यासारखं करून थांबायचे. "मला काही कळत नाही असं समजू नका," ती म्हणायची. दुकानात कुणी नवं मूळ, नवी पावडर सांगायला लागलं की मास्तर म्हणायचे, "लिहून द्या. डॉक्टरीणबाईंना दाखवतो." निम्मे लोक लिहीतच नसत. दोन महिन्यांत तिची झोप थोडी सुधारली. आठवड्यातले तीन दिवस बरे जायला लागले. बाकीचे चार पूर्वीसारखेच.

त्यातल्याच एका वाईट दिवशी मास्तर दुपारी जेवायला घरी आले, तर ती पलंगावर डोळे मिटून पडली होती. ओठ घट्ट मिटलेले.

"काय करू?" त्यांनी हळूच विचारलं. "शेकायला आणू? डॉक्टरीणबाईंना फोन लावू?"

"काही नको. असाच दिवस आहे आज." थोड्या वेळाने ती म्हणाली, "थंडी वाजते, पण ही चादर पायांवर नको वाटते. तीही टोचते."

मास्तरांनी चादरीकडे पाहिलं. जुनी, धुऊन धुऊन विरलेली, पलीकडचा उजेड दिसेल अशी. त्यांनी स्टूल ओढून पलंगाच्या पायथ्याशी घेतलं. चादरीची दोन टोकं दोन हातांत धरली आणि तिच्या पावलांना लागणार नाही इतकीच वर उचलली.

"आता?"

"आता बरं वाटतंय."

बाजारात दुकान उघडायची वेळ होऊन गेली. खिशातला फोन दोनदा वाजून थांबला. तिचा श्वास हळूहळू संथ झाला, मिटलेले ओठ सैल पडले. मास्तरांनी कोपर गुडघ्यांवर टेकवले आणि चादर तशीच धरून ठेवली.